चार मिलिमीटरचा डाग आणि ज्वारीच्या डब्यातला रिपोर्ट

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई नाशिकला गंगापूर रोड भागात राहतात, शाळेत शिकवतात. भाऊ निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतो. त्याचा मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. कबड्डीत गुडघ्याला लागलं असं समजून तीन महिने दुखणं अंगावर काढलं, मालिशही झाली. दिवाळीनंतर सूज उतरेना म्हणून एक्स-रे, मग एमआरआय, मग बायोप्सी. निदान निघालं ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला. कुठे पसरलाय का ते बघायला डॉक्टरांनी छातीचा सिटी स्कॅन आणि पेट स्कॅन एकदमच लिहून दिले. सिटी झाला. रिपोर्ट ताईंच्या मोबाइलवर आला. उजव्या फुप्फुसात ४ आणि ३ मिलिमीटरचे दोन डाग, आणि पुढे ‘इंडिटरमिनेट’ हा शब्द. भावाला त्यांनी ‘विशेष काही नाही’ असं सांगितलं आणि प्रिंट ज्वारीच्या डब्यात ठेवून दिली. पेट स्कॅन अजून व्हायचाय. भाऊ म्हणतो, पोराला अजून किती मशिनींत घालायचं? वहिनींचे वडील म्हणतात, किरणांनी कॅन्सर खवळतो. नात्यातले एक जण सांगून गेले की हाडाचा कॅन्सर म्हणजे सहा महिने. मुलाला सांगितलंय, हाडात इन्फेक्शन आहे. ताई विचारतात: पेट स्कॅन करावा का? आणि रिपोर्ट दाखवला तर ‘पसरलंच आहे तर हाल कशाला’ म्हणून दादा उपचारच सोडून देईल, त्याचं काय?

ताई,

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नाशी मी अडले. ‘हाल कशाला, असं दादा म्हणेल.’ म्हणेल. अजून म्हणालेला नाही. त्यानं तो कागद पाहिलेलाच नाही, तर म्हणणार कुठून? दादाच्या वतीनं प्रश्न तुम्हीच विचारलात, उत्तरही तुम्हीच दिलंत, आणि मग त्याला त्रास नको म्हणून कागद डब्यात गेला.

दोष द्यायला हे लिहीत नाही. घरात इंग्रजी वाचू शकणारी, शहरात राहणारी एक बाई असली की अख्ख्या खानदानाचे रिपोर्ट तिच्या मोबाइलवर येऊन पडतात. वाईट बातमी सगळ्यांत आधी आणि एकटीनं वाचायची, आणि ती सुद्धा मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये, शेजारी कुणी डबा उघडत असताना. माझ्या दिरांच्या आजारपणात ही नोकरी माझ्याकडे होती. मीही कागद लपवलेत. म्हणून तुमचा डबा मला लगेच ओळखू आला.

मी डॉक्टर नाही. पुढे लिहिते ते त्या दिवसांत शिकलेलं आणि नंतर डॉक्टरांना विचारून नीट समजून घेतलेलं. भाच्याच्या बाबतीत अखेरचा शब्द त्याला तपासणाऱ्यांचाच.

आधी त्या शब्दाचं बघू. ‘इंडिटरमिनेट’ म्हणजे सांगता येत नाही. तुम्ही त्याचा अर्थ ‘पसरलंय, पण स्पष्ट लिहिलं नाही’ असा लावलात. रिपोर्ट लिहिणारे रेडिओलॉजिस्ट आडवळणानं बोलत नाहीत हो. पसरल्यासारखं दिसलं तर ते तसं लिहितात. इथे त्यांना खरोखरच सांगता आलेलं नाही. चार मिलिमीटर म्हणजे केवढं ते हवं तर डब्यात हात घालून बघा. ज्वारीचा एक दाणा. आजकालचे सिटी स्कॅन छातीचे इतके पातळ काप घेतात की एवढंसं काहीही दिसतं, पण दिसलं म्हणून ते काय आहे हे कळत नाही. आपल्या देशात तर फुप्फुसात असे डाग निघायला कारणं भरपूर: कधीतरी नकळत होऊन बरा झालेला टीबीचा व्रण, जुन्या जंतुसंसर्गाची खूण, फुप्फुसातलीच एखादी बारीक लसिकाग्रंथी. कित्येक धडधाकट माणसांच्या छातीत असे डाग असतात. त्यांचा सिटी कुणी काढलेला नसतो इतकंच.

मात्र उलट्या बाजूचंही सांगते, नाहीतर मी खोटा धीर दिल्यासारखं होईल. डागात कॅल्शियम दिसलं की इतर आजारांत डॉक्टर बऱ्याचदा ‘जुना व्रण’ म्हणून सोडून देतात. ऑस्टिओसार्कोमात तेवढ्यावर सोडत नाहीत, कारण या कॅन्सरच्या पेशी स्वतःच हाड तयार करतात आणि त्यांनी फुप्फुसात टाकलेली गाठही चुनखडीसारखी पांढरी दिसू शकते. आणि हा कॅन्सर हाडातून बाहेर पडला तर बहुतेक वेळा सगळ्यांत आधी फुप्फुसातच जातो. हाडातलं रक्त शिरांवाटे हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि तिथून थेट फुप्फुसात, म्हणजे वाटेतली पहिली गाळणी तीच. निदान होतं तेव्हाच १०० पैकी साधारण १५ ते २० जणांत कुठेतरी पसरलेलं दिसतं आणि त्यातल्या बहुतेकांत ते फुप्फुसातच असतं. म्हणजे ८० ते ८५ जणांत दिसत नाही. तुमचा भाचा कुठल्या बाजूला आहे ते आज कुणीच सांगू शकत नाही. तुम्हीही नाही.

आता त्या ‘सहा महिने’ सांगून गेलेल्या नातेवाइकांचं. असं एक माणूस प्रत्येक घरात येतं, चहा पिऊन जातं. त्यांनी पाहिलेला ‘हाडाचा कॅन्सर’ बहुधा वेगळाच असणार. मोठ्या माणसांत हाडात कॅन्सर निघतो तो बऱ्याचदा दुसरीकडून आलेला असतो, स्तनातून, प्रोस्टेटमधून, फुप्फुसातून. तुमच्या भाच्याचा हाडातच सुरू झालेला आहे. नाव एकच पडलं तरी आजार दोन, औषधं वेगळी, पुढचा रस्ताही वेगळा. आणि समजा तो फुप्फुसात गेला असेल तरी त्याला फुप्फुसाचा कॅन्सर म्हणत नाहीत. तो ऑस्टिओसार्कोमाच राहतो आणि त्याचीच औषधं चालतात.

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत मोठं गृहीतक मला इथे दिसतं: पसरलं म्हणजे संपलं, मग तपासणीला अर्थ काय? १९७० च्या आधी, केमोथेरपी नव्हती तेव्हा, या आजारात नुसता पाय कापत. त्या वेळच्या एक्स-रेत छाती स्वच्छ दिसायची आणि तरी १०० पैकी ८० च्या आसपास लोकांत पुढे आजार उलटायचा, बहुतेकांच्या फुप्फुसात. म्हणजे पेशी आधीच तिथे पोचलेल्या होत्या, दिसत नव्हत्या. त्यामुळे आज डॉक्टर छाती स्वच्छ असली तरी पेशी कुठेतरी गेल्या असतील असं धरूनच आधी केमो देतात, मग हाडाचं ऑपरेशन, मग पुन्हा केमो. म्हणजे डाग कॅन्सरचे निघाले काय, टीबीचे निघाले काय, पहिलं पाऊल बहुतेक तेच राहतं. आणि फुप्फुसात थोड्याच गाठी असतील, सगळ्याच्या सगळ्या काढता येण्याजोग्या असतील, तर सर्जन त्या ऑपरेशन करून काढतात, मुलगा पूर्ण बरा व्हावा याच हेतूनं. काही मुलं त्यातून बरी होतात. आकडे हवेच असतील तर: आजार हाडापुरता दिसतो त्यांच्यात पूर्ण उपचारांनी पाच वर्षांनंतर १०० पैकी ६० ते ७० जण असतात. सुरुवातीलाच पसरलेला दिसतो त्यांच्यात हे प्रमाण बरंच खाली, २० ते ३० पर्यंत येतं. ते शून्य नाही, आणि ज्यांच्या गाठी मोजक्या आणि काढता येणाऱ्या असतात त्यांचं याहून बरं असतं. हे आकडे दादाला सांगायचे की नाही ते तो विचारेल तेव्हा ठरवा. त्यानं विचारल्याशिवाय नको.

पेट स्कॅनबद्दल तुम्ही विचारलंत. तुमच्या मनात असं आहे की पेट झाला की त्या दोन डागांचा निकाल लागेल. बहुतेक लागणार नाही, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. पेटमध्ये साखरेसारखं एक औषध शिरेतून देतात. त्याला फ्लोरिन-१८ नावाचा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. ज्या पेशी साखर जास्त खातात त्या पडद्यावर चमकतात. पण सात-आठ मिलिमीटरच्या आतला डाग श्वासाबरोबर हलणाऱ्या फुप्फुसात इतका बारीक ठरतो की तो कॅन्सरचा असला तरी चमकेलच असं नाही. टीबीची जिवंत गाठ मात्र झकास चमकते. तेव्हा ‘पेटमध्ये फुप्फुस स्वच्छ आलं’ म्हणून पेढे वाटू नका आणि एखादी जागा चमकली म्हणून हातपायही गाळू नका.

मग पेट कशाला? हे दादाला समजावायचं असेल तर त्याच्याच बागेत उभं राहून समजवा. डाउनी, म्हणजे पानावरची बुरशी, बघायची तर तो पान उलटं करून बघतो. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, बघायचा तर खोडाची सुटलेली साल काढून बघतो. बागेत नुसती फेरी मारून दोन्ही दिसत नाहीत. स्कॅनचंही तेच. एमआरआय हाडाच्या आतलं बघतो: गाठ मज्जेत किती वर चढलीय, शिरा-धमन्यांना चिकटलीय का, पाय वाचवून ऑपरेशन होईल का. छातीचा सिटी फुप्फुसातले बारीक दाणे बघतो, त्यात त्याच्याइतकं तिखट डोळ्याचं दुसरं कुणी नाही. बाकीच्या हाडांत कुठे काही आहे का, हा प्रश्न बोन स्कॅनचा किंवा पेटचा. बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन देतात, दोन ते चार तास पाणी पीत बसवतात आणि मग डोक्यापासून पायापर्यंत हाडांचं चित्र काढतात. पेट त्याच कामाबरोबर गाठीचा जोर किती तेही दाखवतो, आणि केमोनंतर परत काढला तर औषध लागू पडतंय का याचाही अंदाज देतो.

तेव्हा ‘अजून किती मशिनी’ या दादाच्या वैतागाला एक रास्त प्रश्न जोडा आणि डॉक्टरांना विचारा: ‘पेटऐवजी बोन स्कॅन चालेल का? आणि पेटमध्ये काही निघालं किंवा नाही निघालं, तर उपचारात नेमकं काय बदलेल?’ बोन स्कॅन स्वस्त पडतो. काही ठिकाणी डॉक्टर सिटी आणि बोन स्कॅनवर काम भागवतात, काही ठिकाणी सिटी आणि पेट लागतो. दोन्ही पद्धती चालतात. हा प्रश्न विचारला म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावलाच तर तीही माहितीच म्हणायची.

एमआरआय झालाय तर त्याचा रिपोर्टही काढून बघा. त्यात फक्त गुडघा धरलाय की खुब्यापासून गुडघ्यापर्यंत अख्खं मांडीचं हाड? या आजारात कधीकधी त्याच हाडात मूळ गाठीपासून लांब दुसरी छोटी गाठ असते. नुसत्या गुडघ्याचा एमआरआय काढला तर ती सुटते. पहिला एमआरआय ‘कबड्डीत लागलंय’ म्हणून काढला असेल तर हे घडलेलं असू शकतं. नसेल धरलं तर डॉक्टरांना आठवण करून द्या, संकोच करू नका. दादाला ‘अजून एक मशीन’ पटवायची ताकद शिल्लक असेल तर ती इथे खर्च करा.

किरणांनी कॅन्सर खवळतो, या आजोबांच्या भीतीचं काय? स्कॅनमुळे आहे तो कॅन्सर पसरत नाही, वाढत नाही. एमआरआयमध्ये तर किरणोत्सर्गच नसतो, लोहचुंबक असतं आणि कानठळ्या बसवणारा आवाज. पण आजोबा अगदीच चुकीचं बोलत नाहीत, आणि त्यांना उडवून लावलंत तर ते पुढचं काहीच ऐकणार नाहीत. आपल्याला माती, हवा, अवकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (हे किरणोत्सर्ग मोजायचं माप) किरणोत्सर्ग तसाही मिळतो. छातीच्या सिटीत साधारण ६-७ मिळतो, बोन स्कॅनमध्ये ४ ते ६, पेट-सिटीत साधारण १५ ते २५. त्यातून पुढे आयुष्यात कधीतरी दुसरा कॅन्सर होण्याची शक्यता किंचित वाढते, आणि कोवळ्या वयात ती थोडी जास्त. आज समोर उभा असलेला आजार त्या मानानं फार मोठा आहे, म्हणून स्कॅन करायचा. मात्र ‘जास्त स्कॅन म्हणजे जास्त काळजी’ हेही खरं नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं हाता-पायाच्या सार्कोमाच्या, म्हणजे हाडा-स्नायूंच्या कॅन्सरच्या, ५०० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार संपल्यानंतर नजर ठेवायला छातीचा साधा एक्स-रे काढत गेलेले रुग्ण सिटी काढणाऱ्यांपेक्षा जगण्यात मागे पडले नाहीत. सुरुवातीला कसून बघायचं आणि पुढे बेतानं, असा मेळ डॉक्टर घालतात. आजोबांना हे असंच सांगा. तुमची भीती डॉक्टरांनाही आहे म्हणावं, म्हणूनच ते मोजून मापून लिहून देतात.

पेट करायचाच ठरला तर दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. आदल्या दिवशी पळणं-खेळणं नको (तसाही तो आता खेळत नसेल, पण गच्चीवर क्रचेस घेऊन येरझाऱ्या घालतो असं तुम्ही लिहिलंय). सहाएक तास पोट रिकामं, फक्त पाणी. इंजेक्शन दिल्यावर तासभर गप्प पडून राहायचं, मोबाइलवर गेमसुद्धा नको, कारण जो स्नायू हलतो तो साखर खातो आणि चमकतो. आणि स्वेटर घाला. मी चेष्टा करत नाही. निफाडचा पारा या दिवसांत कुठे जातो ते अख्ख्या महाराष्ट्राला पेपरातून कळतं. तरुण पोरांच्या मानेभोवती एक प्रकारची चरबी असते, ती थंडी वाजली की अंग गरम ठेवायला साखर जाळते, आणि स्कॅनमध्ये मानेच्या दोन्ही बाजू उजळून निघतात. पहाटे गावाहून मोटरसायकलवर कुडकुडत आलेला मुलगा तसाच आत घातला तर रिपोर्ट वाचणाऱ्यांचा गोंधळ वाढतो. गाडी करा, अंगावर शाल घाला.

वेळही पाळा. त्या औषधाचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. एखाद्या सेंटरला ते मुंबईहून येत असेल तर साडेतीन-पावणेचार तासांच्या प्रवासात पावच उरतं, आणि कसारा घाटात ट्रक आडवा पडला तर त्याहून कमी. म्हणून ते लोक वेळेवरून इतके कावतात. तो दिवस घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर भाच्याला त्यांच्याजवळ बसवू नका, भरपूर पाणी पाजा. दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. आणि बोन स्कॅन असो की पेट, फॉर्मवर आधीची दुखापत लिहा. कबड्डीत बोट मोडलं होतं, गेल्या पावसाळ्यात गाडीवरून पडला होता, सगळं लिहा. भरत आलेलं हाडही चमकतं. सोळाव्या वर्षी तर हाडांची वाढणारी टोकंच चमकत असतात, ते बघून घाबरू नका.

सीडीबद्दल मात्र मी जरा घसा ताणून बोलणार. दिरांच्या वेळी आम्ही एका सेंटरमधून रिपोर्टाचा कागद आणि चकचकीत पाकिटातली सीडी घेऊन मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सीडी घातली. कोरी. आतून काही उघडलंच नाही. कागदावर ‘६ मिलिमीटर’ लिहिलेलं होतं, पण दोन महिन्यांनी नव्या स्कॅनमध्ये ७ दिसले तेव्हा तो डाग वाढला की दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी मोजला, हे कुणालाच सांगता येईना. ते दिवस आमच्या घरानं कसे काढले ते मी इथे लिहीत नाही. तुमच्या भाच्याच्या दोन डागांचा निकाल असाच, तुलनेनं लागणार आहे. केमोच्या काही फेऱ्यांनंतर, सहा-आठ आठवड्यांनी परत छातीचा सिटी निघेल. डाग वाढले तर शंका बळावते. विरघळले तर, विचित्र वाटेल, पण तेव्हाही डॉक्टर ते कॅन्सरचेच असावेत असं धरू शकतात, कारण केमोनं टीबीचा व्रण जात नाही. जसेच्या तसे राहिले तर कोडं तिथेच राहतं, आणि गरज वाटली तर सर्जन तो तुकडा काढून तपासायला पाठवतात. ऑपरेशन करताना बोटांना कधीकधी सिटीला न दिसलेले दाणेही लागतात. म्हणजे अखेर मशीनच्याही पुढे माणसाचं बोट. तर ताई, सेंटरच्या काउंटरवरच सीडी लावून बघायला सांगा. चित्रं दिसली की मग पुढे व्हा. पुढचा सिटी जमलं तर त्याच सेंटरमध्ये करा. एका जाड फाइलमध्ये तारखेप्रमाणे सगळं लावा. तारीख, तपासणी, कुठे केली, डागाचा आकार, असा एक साधा तक्ता वहीच्या पानावर. तुम्ही शिक्षिका, तक्ते करण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही.

मुंबईला जावं का, असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण ओळींमधून दिसतं. हा आजार विरळा आहे. हाडाच्या गाठींवरच काम करणाऱ्या टीमचं मत एकदा तरी घ्यावं, असं मला वाटतं. सकाळची पंचवटी पकडली की नाशिकरोडहून दादर, तिथून परळचं टाटा जवळ. जाताना बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि काचपट्ट्या मागून घ्या, तिथे त्या परत तपासतात. बायोप्सीची सुई जिथून गेली ती वाट ऑपरेशनमध्ये काढून टाकावी लागते, म्हणून ती कुठून घेतली तेही लिहून घ्या. केमो नंतर नाशिकलाच घेता येईल का, हे तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. दर वेळी मुंबई करायलाच लागते असं नाही. पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवून, उपचार सुरू व्हायच्या आधीच, कोणकोणत्या तपासण्या त्यात धरल्या जातील ते विचारा. आधी भरलेले पैसे नंतर मागायला गेलं की दमछाक होते. मण्यात आत्ता कुठे पाणी उतरतंय, माल खुडून पैसे हातात यायला दादाला अजून वेळ आहे. त्याच्या चिडण्यात हाही हिशेब असणार. तो तुम्हाला सांगणार नाही, तुम्हीच विषय काढा.

मालिशमुळे पसरलं का, हे तुम्ही पत्राच्या समासात बारीक अक्षरात लिहून खोडलंय. खोडलेलं मला वाचता आलं. कुठलाही स्कॅन ‘कधी’ आणि ‘कशामुळे’ हे सांगत नाही. आता त्या गुडघ्याला कुणी हात लावू नये, एवढंच. बाकी ते सोडा.

राहिला भाचा. त्याला ‘इन्फेक्शन’ सांगितलंय. तो अकरावीत आहे, त्याच्या हातात फोन आहे, आणि ज्या वॉर्डात त्याला नेणार त्याच्या दारावर मोठ्या अक्षरात काय लिहिलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. त्याला कळेलच. फक्त ते एकट्याला, रात्री दोन वाजता, अर्धवट कळेल. शिवाय त्याच्याशी बोलल्याशिवाय न होणारी कामं आहेत. केमोआधी हृदयाची सोनोग्राफी होते, कानांची तपासणी होते, कारण त्यातली एक-दोन औषधं तिथे त्रास देऊ शकतात. आणि पुढे मूल होण्याची शक्यता जपायला वीर्य गोठवून ठेवायचा पर्याय असतो, तो केमो सुरू व्हायच्या आधीच घ्यावा लागतो. सोळा वर्षांच्या मुलाला ‘इन्फेक्शन’साठी हे का, असं कोणत्या तोंडानं सांगणार? आई-वडील समोर असताना डॉक्टरांनाच नाव घेऊन सांगायला लावा. मग तो जे विचारेल त्याला तेवढंच खरं उत्तर. ‘छातीतले डाग काय आहेत?’ असं विचारलं तर ‘अजून कुणालाच माहीत नाही, सहा-आठ आठवड्यांनी परत बघणार आहेत’ हे खरं आहे आणि सांगता येण्यासारखं आहे. सिटीच्या वेळी दहाएक सेकंद श्वास रोखून ठेवावा लागतो, हललं तर बारीक डाग पुसट होतात. घरी सराव करून घ्या. कबड्डीवाल्याला दम रोखायला शिकवायला नको, त्या कामात तो तुम्हा सगळ्यांच्या पुढे असेल.

डॉक्टरांची वेळ मंगळवारची आहे म्हणता. मग रविवारी सकाळी निफाडला जा. फोनवर सांगू नका, फोनवर माणूस फक्त ‘पसरलं’ एवढा एकच शब्द ऐकतो. डब्यातून कागद काढा, पुसा आणि बरोबर न्या. दादाला सांगा की चार दिवसांपूर्वीच आला होता, माझी हिंमत झाली नाही. तो ओरडेल. ओरडू द्या. मग दोन डागांचे आकडे वाचून दाखवा आणि खिशातून ज्वारीचा दाणा काढून त्याच्या तळहातावर ठेवा. आणि वहिनींना त्या वेळी चहा करायला आत पाठवू नका.